चूक चार महिन्यांपूर्वीच दुरुस्त झाली, पण डोक्यातून जात नाही

पत्र कामोठ्याहून आलंय. लिहिणारी ३४ वर्षांची आहे, वाशीला एका कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते, म्हणजे एक्स्पोर्टरकडून आलेलं इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट घेऊन शिपिंग बिलाची, म्हणजे निर्यातीच्या मालासाठी कस्टम्सला द्यायच्या कागदाची, चेकलिस्ट बनवायची, क्लायंटकडून अप्रूव्ह करून घ्यायची आणि मग फाइल करायची. घरी नवरा, सासूबाई आणि पहिलीतली मुलगी. चार महिन्यांपूर्वी एका शिपिंग बिलात ४०८ पॅकेजेसच्या जागी ४८० पडले, न्हावा शेव्याला कंटेनर एक दिवस अडकला, मग कागदात दुरुस्ती (अमेंडमेंट) झाली आणि माल गेला. साहेब एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी बघून करा. पण तेव्हापासून रोज रात्री तोच दिवस डोक्यात फिरतो. पहाटे चारला जाग येते ती येतेच. प्रत्येक चेकलिस्ट पाच-सहा वेळा तपासते, घरी आल्यावर परत लॅपटॉप उघडून बघते. जेवणाची चव गेलीय, रविवारी मैत्रिणींबरोबर खारघरच्या सेंट्रल पार्कात चालायला जायची ते बंद झालंय, नवरा म्हणतो तू घरात असून नसतेस. ती लिहिते, "मी रोज कामाला जाते, घरचं सगळं करते, म्हणजे हे डिप्रेशन नसणार, मी फक्त कमकुवत आहे. त्या चुकीचा विचार सोडून दिला तर परत तीच चूक करेन अशी भीती वाटते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, एक काना-मात्रा चुकली की अख्खं पान परत लिहायला लावायचे, त्यामुळेच मी इथवर आले. परफेक्ट असणं सोडलं तर माझ्याकडे राहिलं काय? कधीकधी वाटतं मी नसते तर सगळ्यांचं सोपं झालं असतं. ताई, हे विचार थांबवायचे कसे? नोकरी सोडू का?" आणि शेवटी एक ओळ, की मुलगी अक्षर मनासारखं आलं नाही तर खोडून खोडून वहीचं पान फाडते, ती माझ्यावर गेलीय का?

तुला अगं-तुगं करते, वयाने लहान आहेस म्हणून.

तुझ्या पत्रात सगळ्यात लहान जागा दिलीस त्या वाक्यापासून सुरुवात करते, मी नसते तर सगळ्यांचं सोपं झालं असतं. ते तू दोन प्रश्नांच्या मध्ये घुसवलंयस, जसं काही ते जाता जाता सुचलेलं आहे, पण मला ते जाता जाता वाचता येत नाही. असा विचार येणं म्हणजे तू वेडी झालीस किंवा आता काहीतरी करूनच घेशील असं नसतं, डिप्रेशनमध्ये खूप जणांना तो येतो, पण तो आलाय हे घरातल्या एका माणसाला माहीत असायलाच पाहिजे. आज रात्री नवऱ्याला सांग, याच शब्दांत सांग, गोड करून सांगू नकोस. आणि हा विचार 'नसते तर' वरून 'कसं' आणि 'कधी' वर सरकायला लागला तर कुठल्याही अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच क्षणी जवळच्या माणसाला उठव, एकटी राहू नकोस, आणि टेलि-मानसला १४४१६ वर फोन कर. मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. तेवढ्यानेही भागत नसेल तर ११२ किंवा सरळ हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. हे सगळं तुला घाबरवायला सांगत नाहीये, रात्री चार वाजता नंबर शोधत बसायला लागू नये म्हणून सांगतेय, आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेव.

आता तू म्हणतेस ते, की कामाला जाते म्हणजे डिप्रेशन नाही. हे मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि दरवेळी तुझ्यासारख्याच माणसांकडून, जे काम कधीच खाली पडू देत नाहीत. डॉक्टर डिप्रेशन ठरवताना ऑफिसचं मस्टर बघत नाहीत. ते बघतात की निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन उदास आहे का किंवा कशातच रस वाटेनासा झालाय का, आणि त्याबरोबर झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, स्वतःला नालायक समजणं, हालचाल किंवा बोलणं मंदावणं किंवा उलट अस्वस्थ येरझाऱ्या, मरणाचे विचार, यातलं काय काय आहे, आणि त्याने रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतोय. तुझ्या पत्रातून मी निदान करू शकत नाही, मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, आणि डॉक्टरही पत्रावरून निदान करणार नाही. पण पहाटेची जाग, गेलेली चव, बंद पडलेला रविवार, अपराधीपणा आणि ते वाक्य, हे सगळं चार महिने चाललंय. दोन आठवडे कुठे आणि चार महिने कुठे. तुला तपासून घ्यायची गरज आहे एवढं मात्र मी ठामपणे म्हणते. परफेक्शनिस्ट माणसाचं डिप्रेशन बाहेरच्यांना उशिरा दिसतं कारण काम सगळ्यात शेवटी पडतं, आधी पडतं ते स्वतःचं असलेलं, मैत्रिणी, चालणं, चवीने खाणं, आणि त्याची कोणी नोंद ठेवत नाही.

तुझ्या पत्रातली सगळ्यात भक्कम समजूत मात्र वेगळीच आहे. चुकीचा विचार करणं सोडलं तर परत चूक होईल. म्हणजे तुझ्या मनात ते रात्रीचं उगाळणं ही एक प्रकारची ड्युटी आहे, पहारा आहे, आणि थोडीशी शिक्षाही आहे, आणि चांगल्या माणसाने ही शिक्षा भोगलीच पाहिजे असं तुला आतून वाटतं. म्हणून "विचार करू नकोस" असं नवरा म्हणाला की तुला राग येत असणार, कारण तो तुला बेजबाबदार व्हायला सांगतोय असं वाटतं. बरोबर आहे का माझं? या समजुतीवर जरा थांबूया, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे.

सुझन नोलेन-होक्सेमा नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी आयुष्यभर याच एका गोष्टीचा अभ्यास केला, उदास वाटायला लागलं की माणूस त्या उदासीचं काय करतो. १९८९ मध्ये त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांकडून काही प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या, की तुम्हाला वाईट वाटतं तेव्हा तुम्ही काय करता, तेच तेच घोळवत बसता का, की उठून काहीतरी करता. आणि साधारण दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, तिथे मोठा भूकंप झाला, लोमा प्रिएटाचा. कोणी ठरवून असा प्रयोग करूच शकत नाही, पण त्यांच्याकडे भूकंपाच्या आधीची माहिती तयार होती, मग त्यांनी दहा दिवसांनी आणि परत सात आठवड्यांनी त्याच मुलांना विचारलं. ज्यांची सवय आधीपासूनच उगाळत बसायची होती ते सात आठवड्यांनंतरही जास्त उदास होते, आणि हे आधी कोण किती उदास होतं ते हिशोबात धरूनही. म्हणजे संकट सगळ्यांवर एकच आलं, पण ते मनात किती दिवस टिकलं यात उगाळण्याच्या सवयीचा मोठा हात होता.

पण तू म्हणशील, उदास तर उदास, निदान मी सावध तरी राहते ना. तेही खरं ठरत नाही गं. याच बाईंनी सोन्या ल्युबोमिर्स्कींबरोबर १९९५ मध्ये आणखी एक काम छापलं. आधीच उदास असलेल्या काही जणांना फक्त आठ मिनिटं स्वतःबद्दल, स्वतःला कसं वाटतंय, आपण असे का आहोत, यावर विचार करायला लावला, आणि तितक्याच उदास असलेल्या दुसऱ्यांना आठ मिनिटं भलत्याच गोष्टींवर, म्हणजे मोनालिसाचा चेहरा कसा दिसतो वगैरे. मग दोघांना रोजच्या आयुष्यातले प्रश्न सोडवायला दिले, मैत्रीण टाळायला लागलीय, आता काय करशील, असे. ज्यांनी स्वतःवर विचार केला होता त्यांची उत्तरं कच्ची आली. ज्यांचं मन आठ मिनिटं दुसरीकडे नेलं होतं त्यांनी उदास नसलेल्या माणसांइतकीच चांगली उत्तरं दिली. आठ मिनिटांत हा फरक पडत असेल तर चार महिन्यांच्या रात्रींचा विचार कर. तुझी हुशारी कुठे गेलेली नाही, ती उगाळण्याखाली दबलीय. चिखलात रुतलेल्या स्कूटरसारखं आहे हे, तू ॲक्सिलरेटर जितका पिळतेस तितकं चाक खोल जातंय, आणि इंजिनाचा आवाज मोठा येतोय म्हणून तुला वाटतंय आपण मेहनत घेतोय.

यात एक बारीक फरक आहे तो नीट समजून घे, नाहीतर तू उद्यापासून विचारच करायचा नाही असा नवीन नियम करशील आणि तो मोडला म्हणून स्वतःला शिक्षा करशील. चुकीकडे बघणं वाईट नाही. ४०८ चे ४८० कसे झाले, पीडीएफवरून हाताने टाइप केलं म्हणून, की पाच मिनिटांत फाइल करायची घाई होती म्हणून, पुढच्या वेळी पॅकिंग लिस्टच्या टोटलवर बोट ठेवून दुसऱ्या कोणाला आकडा मोठ्याने वाचायला सांगायचा का, हा विचार कामाचा आहे आणि तो दहा मिनिटांत संपतो. संपतो ही त्याची खूण. दुसरा विचार असा असतो की मी अशी का आहे, माझ्याच बाबतीत का होतं, बाकीच्यांना जमतं मला का नाही, साहेबांच्या मनात आता माझ्याबद्दल काय असेल. याला शेवटच नाही, कारण याचं उत्तर कुठल्याच कागदावर नाही. इंग्लंडमध्ये एक्सेटरला एडवर्ड वॉटकिन्स आहेत, त्यांनी याच फरकावर एक उपचारपद्धती बांधलीय, त्यात पेशंटला विचार बंद करायला शिकवत नाहीत, 'का'चा हवेतला विचार 'कसं'च्या जमिनीवरच्या विचाराकडे वळवायला शिकवतात. नेमकं काय झालं, कुठल्या क्रमाने झालं, आता पुढची एक छोटी गोष्ट कोणती. तुझ्या कामात तर तू हे दिवसभर करतेस, कस्टम्सकडून क्वेरी आली की तू "माझ्याच बिलाला क्वेरी का" म्हणून बसत नाहीस, कुठला कागद लागेल ते बघतेस.

आणि तुझ्याच कामातली एक गोष्ट तुला आठवण करून देते, जी तुला माझ्यापेक्षा जास्त चांगली माहीत आहे. कस्टम्स ॲक्ट १९६२ चा. त्यात कलम १४९ आहे, दाखल केलेल्या कागदपत्रांत दुरुस्ती करण्याचं. म्हणजे ज्यांनी देशाचा कस्टम्सचा कायदा लिहिला, जो कायदा दंड, जप्ती, अटक सगळं करू शकतो, त्यांनीसुद्धा धरून चालले होते की कागदात चुका होणार, आणि त्या दुरुस्त करायला रस्ता ठेवला पाहिजे. तुझी चेकलिस्ट क्लायंटकडे अप्रूव्हलला जाते तीही त्याचसाठी, की एका माणसाची नजर पुरत नाही. त्या दिवशी ती चेकलिस्ट क्लायंटनेही बघितली असणार आणि त्यांच्याही नजरेतून ४८० सुटले असणार. हे तुला दोष दुसऱ्यावर ढकलायला सांगत नाहीये. एवढंच म्हणतेय की ज्या कामात तू आहेस ते कामसुद्धा माणसाकडून शून्य चुकांची अपेक्षा ठेवून बांधलेलं नाही. शून्य चुका हा नियम तुझ्या डोक्यात कुठून तरी दुसरीकडून आलाय.

कुठून, ते तू स्वतःच लिहिलंयस. मी तुझ्या बाबांना वाईट म्हणणार नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत चाळीस मुलांना सांभाळून स्वतःच्या मुलीचं शुद्धलेखन बघणारा माणूस तिच्यावर प्रेम करत असतो यात मला शंका नाही. पण पान परत लिहिताना लहान मुलीला जे कळतं ते फक्त शुद्धलेखन नसतं. तिला असंही कळू शकतं की पान बरोबर आलं तरच मी बरोबर. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या दोघांनी १९९१ मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले. एक, मी स्वतःकडून अचूकपणा मागते. दोन, मी दुसऱ्यांकडून मागते. आणि तिसरा, मला वाटतं की दुसरे माझ्याकडून मागतायत आणि मी कमी पडले तर ते मला नाकारतील. हा तिसरा सगळ्यात त्रासदायक, आणि डिप्रेशनशी त्याचं नातं पुन्हा पुन्हा दिसलंय. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१,६४१ कॉलेजच्या मुलांची १९८९ ते २०१६ ची माहिती एकत्र करून थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी बघितलं तेव्हा तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, पण हा तिसरा ३३ टक्क्यांनी. त्यात भारतातली मुलं नव्हती. तरी दहावीच्या निकालाच्या दिवशी आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चालतं ते तू बघितलंयस, मला वेगळा आकडा द्यायला नको.

तू विचारतेस परफेक्ट असणं सोडलं तर राहिलं काय. मी तुला काम वाईट करायला सांगत नाहीये, कोणीच सांगणार नाही. चांगलं काम करायची हौस असणं आणि चांगलं काम झालं नाही तर मी कोणीच नाही असं वाटणं, या दोन गोष्टी तुझ्या मनात एकमेकींना चिकटून गेल्यात, त्यांना थोडं वेगळं करायचंय. रोझ शाफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे नीट लिहिलं, की त्रास उंच अपेक्षेचा नसतो, स्वतःची किंमत फक्त त्या अपेक्षेवर टांगलेली असते त्याचा असतो. आणि त्यात एक क्रूर नियम चालतो, जमलं नाही तर मी नालायक, आणि जमलं तर ते सोपंच होतं, त्यात काय विशेष. तूच सांग, गेल्या चार महिन्यांत तू जी बाकीची बिलं फाइल केलीस, एकही क्वेरी न येता गेली, त्यातलं एक तरी तुला रात्री आठवलं का? अशा हिशोबात माणूस कधी जिंकूच शकत नाही, कारण जमेची बाजू लिहायचीच नाही असं ठरलेलं असतं.

तर परफेक्शनिझम, उगाळणं आणि डिप्रेशन, हे तिन्ही असं जोडलेलं आहे. नियम इतका कडक की आज ना उद्या मोडणारच. मोडला की उगाळणं सुरू. उगाळलं की मन खाली जातं, आणि मन खाली असताना आठवणीही तशाच वर येतात, शाळेतलं पान, मुलाखतीत अडखळलेलं उत्तर, सासूबाईंचं कधीचं तरी एक वाक्य. झोप जाते, झोप गेली की लक्ष लागत नाही, लक्ष लागत नाही म्हणून चुकीची भीती आणखी वाढते, म्हणून तू पाच-सहा वेळा तपासतेस. आणि त्या तपासण्याचं काय होतं तेही ऐक. नेदरलँड्समध्ये मार्सेल वान देन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ मध्ये लोकांना कॉम्प्युटरवरच्या गॅसच्या शेगडीचे नॉब पुन्हा पुन्हा बंद करून तपासायला लावले. खूप वेळा तपासल्यावर लोकांची आठवण चुकीची झाली नाही, पण त्या आठवणीवरचा भरवसा गेला, चित्र धूसर झालं, आपण नक्की बंद केलं ना असं वाटायला लागलं. म्हणजे पाचव्यांदा तपासल्याने तुझी खात्री वाढत नाही, कमी होते, म्हणून तर सहावी वेळ लागते आणि मग घरी लॅपटॉप.

मग करायचं काय. ऑफिसमध्ये तपासण्याचे दोनच फेरे ठेव, पण ते खरे. पहिला इन्व्हॉइस समोर ठेवून, दुसरा थोडा वेळ दुसरं काम करून परत आल्यावर, पॅकिंग लिस्ट समोर ठेवून, आकडे उलट्या क्रमाने. शक्य असेल तर दुसरा फेरा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडून करून घे आणि तिचा तू कर, यात लाजण्यासारखं काही नाही. दोन फेरे झाले की बिल जाऊ दे. जाऊ देताना पोटात गोळा येईल, पहिला आठवडा तर नक्कीच, तो गोळा म्हणजे चूक झाल्याचा पुरावा समजू नकोस, सवय मोडतेय म्हणून तो येतो. घरी लॅपटॉप उघडायचा नाही हे एकदम जमलं नाही तर आधी जेवणानंतर उघडायचा नाही एवढंच कर. आणि हो, हे सगळं परफेक्टपणे पाळायचं नाहीये, चार दिवस जमेल, पाचव्या दिवशी तिसरा फेरा होईल, सहाव्या दिवशी परत दोन.

पहाटे चारला जाग आली की त्या वेळी कुठल्याही प्रश्नाचा निकाल लावायचा नाही, नोकरीचा नाही, स्वभावाचा नाही, आयुष्याचा तर नाहीच, कारण त्या वेळी मन सगळ्यात काळं असतं आणि घड्याळ बघत पडून राहिलं की ते आणखी काळं होतं. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत बस, मंद दिव्यात, काहीतरी कंटाळवाणं कर, मटार सोल, कपड्यांच्या घड्या कर, मोबाईल नको. ट्रेनमध्ये, मानसरोवरहून वाशीपर्यंत, तुझं उगाळणं सगळ्यात जास्त चालत असेल असा माझा अंदाज आहे, कारण हात रिकामे आणि बसायला जागा मिळाली तर डोकं खिडकीला. तिथे विचार अडवायचा नाही, पण तो आलाय हे ओळखून एकच प्रश्न विचारायचा, यातून मला आत्ता करण्यासारखं काही निघतंय का? निघत असेल तर फोनवर एक ओळ लिहून ठेव. निघत नसेल तर शेजारच्या बाईशी बोल, जुईनगरला उतरणारी रोजची कोणीतरी असेलच. बोलणं जमत नसेल तर बाहेर बघून दिसेल ते मनात नावाने म्हणत जा, खाडी, पूल, टॉवर. हे पोरकट वाटेल, पण त्या मोनालिसावाल्या आठ मिनिटांचं काम यानेच होतं.

रविवारचं चालणं परत सुरू कर, आणि हे मी सगळ्यात जोर देऊन सांगतेय. तू वाट बघतेयस की बरं वाटलं की जाईन. डिप्रेशनमध्ये हा क्रम उलटा चालतो, आधी जायचं, मग थोडंसं बरं वाटतं, कधी पहिल्या तीन रविवारी काहीच वाटत नाही. मैत्रिणींना सांग की मी येईन पण कदाचित गप्प असेन. पार्काच्या अर्ध्या फेरीतून परत आलीस तरी ती अर्धी फेरी झाली.

नोकरी सोडू का, याला माझं उत्तर आत्ता नको असं आहे. ऑफिस खरंच छळणारं असतं, साहेब रोज अपमान करणारे असते, तर मी वेगळं बोलले असते, पण तुझे साहेब एक वाक्य बोलून पुढे गेले. उदास असताना घेतलेले मोठे निर्णय बऱ्याचदा त्या उदासीचेच असतात. आधी उपचार, मग दोन-तीन महिन्यांनी हा प्रश्न परत काढ. सुट्टी लागली तर घे, राजीनामा नको.

मुलीचं. ती तुझ्यावर गेलीय का ते मला माहीत नाही, सहा वर्षांची बरीच मुलं खोडतात, आणि यासाठी तू स्वतःला अजून एक आरोप लावून घेऊ नकोस. तिच्या देखत चुका करून दाखव, खऱ्या चुका. पोळी वाकडी आली तर "ही नकाशाची आली, खाऊया" म्हण आणि खा. चुकीचा शब्द लिहिलास तर एक रेघ मारून पुढे लिही, खोडरबर न घेता, तिला बघू दे. ती खोडायला लागली की "छान आहे गं, कशाला खोडतेस" असं म्हणू नकोस, तिला ते खोटं वाटतं, त्याऐवजी विचार, या ओळीतला तुला आवडलेला एक क कुठला? आणि तिला शाबासकी देताना अक्षराबद्दल कमी, बसून लिहिलं त्याबद्दल जास्त. शाळेत बाई फारच ताण देत असतील तर नवऱ्याला पाठव भेटायला, सगळं तूच करायचं असं कुठे लिहिलंय.

आता उपचार. कामोठ्यातच एमजीएम मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, मेडिकल कॉलेजांना मानसोपचाराची ओपीडी असते, खाजगी फी झेपत नसेल तर तिथे जा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, आणि १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे, ज्याचं नाव ऐकून आपल्याकडे लोक अजून दचकतात, पण तिथे ओपीडीत येऊन औषध घेऊन संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक करणारी कितीतरी माणसं आहेत. ऑफिसला कळेल ही भीती असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुला दिलाय. औषध लिहून दिलं तर ते पहिल्या दिवसापासून काम करत नाही, फरक दिसायला काही आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचं नाही. समुपदेशन मिळालं तर विचार, वागणं यावर काम करणारं, सीबीटी किंवा विवेकनिष्ठ पद्धतीचं, तुझ्या त्रासाला बसेल.

आणि तुझ्यासारखीने आधीच जाणून घ्यावी अशी एक गोष्ट. अमेरिकेत डिप्रेशनच्या उपचारांचा एक मोठा अभ्यास झाला होता, सोळा आठवड्यांचा, काहींना गोळी, काहींना बोलून उपचार. सिडनी ब्लॅट यांनी नंतर ती माहिती परत तपासली तेव्हा दिसलं की जास्त परफेक्शनिस्ट असलेल्या पेशंटना कमी फायदा झाला, आणि अडखळणं मुख्यतः उपचाराच्या दुसऱ्या अर्ध्यात झालं. मला यात असं दिसतं, की ही माणसं उपचारातही पहिला नंबर काढायला जातात, गृहपाठ चोख करतात, डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून बरं वाटतंय म्हणतात, आणि पूर्ण बरं होत नाहीये असं दिसलं की आपणच नापास झालो समजून आतून मिटतात. म्हणून पहिल्याच भेटीत सांगून टाक, मला सगळं नीटच करायची सवय आहे, मी तुमच्यासमोर बरी असल्याचं नाटक करू शकते, मला अधूनमधून खोदून विचारा. आणि मधल्या एखाद्या आठवड्यात मागे गेल्यासारखं वाटलं तर अपॉइंटमेंट रद्द करू नकोस, नेमकं त्याच आठवड्यात जा.

जाताना एका कागदावर लिहून ने, झोप कधीपासून बिघडलीय, वजन कमी झालंय का, पाळीचं काय, घरात आधी कोणाला असा त्रास होता का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि ते 'मी नसते तर' वाक्य, कारण समोर बसल्यावर तू ते गाळशील. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनचे जुने रिपोर्ट असतील तर तेही घे, डॉक्टर बहुतेक ते तपासतीलच कारण त्यानेही थकवा आणि उदासी येते. नवऱ्याला बरोबर ने. चांगला डॉक्टर कोण याची चौकशी करत महिना घालवू नकोस, जी पहिली तारीख मिळेल ती घे, नाही पटलं तर दुसरीकडे जाता येतं.